अढळला काही होत नाही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या वर्कशॉपात त्याला सगळे लेखक म्हणत. सुरुवातीला चिडवायला म्हणत, मग तेच नाव पडलं. वय एकतीस, नोकरीला आठ वर्षं. बोलायला मऊ, कामाला बरा. आणि मनात एक असा माणूस बाळगून होता की ज्याला कशाचीच भीती वाटत नसे.

त्या माणसाचं नाव अढळ. तो जन्मला एका खेळात. पाच मित्र शनिवारी दुपारी एकाच्या घरी जमायचे. चौघांनी एकेक पात्र घ्यायचं, कुणी चोर, कुणी वैद्य, कुणी तलवारबाज. पाचव्याने राक्षस, किल्ले, भुयारं रचत गोष्ट पुढे न्यायची आणि पात्राला एखादी गोष्ट जमली की फसली हे फासे टाकून ठरवायचं. लेखकाचा अढळ सव्वासहा फूट उंच, डावखुरा, हनुवटीवर व्रण. लेखकही डावखुरा होता आणि त्याच्याही हनुवटीवर व्रण होता, लहानपणी सायकलवरून पडल्याचा. उंचीचं तेवढं जमलं नव्हतं. अढळला आग भाजत नसे, विष बाधत नसे, त्याला झोपही लागत नसे. फासा वाईट पडला की लेखक लगेच काहीतरी काढी. अढळच्या बोटात आजोबांची अंगठी आहे. अढळने हे आधीच ओळखलं होतं. बाकीच्यांची पात्रं दर शनिवारी जखमी होत आणि अढळ त्यांना खांद्यावर टाकून सुखरूप घेऊन येई.

गोष्ट सांगणारा मित्र औषधांच्या दुकानात कामाला होता, शांत स्वभावाचा. एका शनिवारी त्याने फासे डबीत टाकले आणि म्हणाला, "तुझ्या या माणसाला कधी काही होतच नाही. मग आम्ही खेळायचं काय? टाळ्या वाजवायच्या?"

लेखकाला ते लागलं. त्याने जाणं सोडलं आणि अढळला घरी घेऊन आला. फोनवर कथा वाचायच्या एका साइटवर त्याने अढळची मालिका सुरू केली. रोज सकाळी कामावर जायच्या आधी तास-दीड तास लिहायचं, आठवड्याला एक भाग टाकायचा. दोन वर्षांत शंभरावर भाग झाले. तिथे अढळला अडवायला कुणी नव्हतं. ड्रॅगन गुडघे टेकत, राण्या निरोप पाठवत, गुरू म्हणत, आता माझ्याकडे तुला शिकवण्यासारखं काही उरलं नाही. सहाशे-सातशे वाचक नेमाने वाचत. पहिला भाग टाकला तेव्हा त्याने वर्कशॉपच्या ग्रुपवर लिंक पाठवली होती. चार अंगठे आले आणि विषय संपला.

सगळ्यात नेमाचा वाचक घरातच होता. त्याचे वडील. जन्मभर एका कचेरीत टायपिस्ट होते. प्रत्येक भाग ते आधी कागदावर काढून घेत आणि लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून देत. गोष्टीबद्दल बोलत नसत. एकदाच म्हणाले, "याची हनुवटी आपल्यातली वाटते." लेखक हसला आणि वडीलही हसले.

वर्कशॉपात हेड मेकॅनिक एक बाई होती. पंचेचाळीस वर्षांची, आखूड केसांची, बोलायला फटकळ. तिला सगळे उस्ताद म्हणत. बाईला उस्ताद कसं म्हणायचं असं नव्या माणसाने विचारलं तर जुने सांगत, एकदा तिच्याबरोबर कामाला जा, मग विचार. लेखकाला लिफ्टमधलं जे काही येत होतं ते तिनेच शिकवलेलं. त्याच्यावर तिचा जीव होता, पण ती ते शिव्यांमधून दाखवी.

तो दिवस मंगळवारचा. सकाळी अकराला एका जुन्या चार मजली इमारतीतून फोन आला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली आहे, आत एकटी म्हातारी बाई आहे, दमेकरी आहे. उस्ताद आणि लेखक दोघंच निघाले.

अशा वेळी काम ठरलेलं असतं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन वीज बंद करायची, मग मोटरच्या ब्रेकचा दांडा हाताने दाबून ब्रेक सैल करायचा. डब्यात एकच माणूस असलं की डबा हलका असतो आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन भारी. त्यामुळे ब्रेक सुटला की डबा आपोआप वर जातो. म्हणून दाबायचं, वीतभर जाऊ द्यायचं, सोडायचं. परत दाबायचं, परत सोडायचं. दांडा सोडला की ब्रेक लागतो. एवढंच.

पण त्या इमारतीत मशीनरूममधून डबा दिसत नव्हता. आणि आत आजी रडायला लागल्या होत्या, श्वास लागला होता. उस्ताद म्हणाली, "मी टपावर उतरते. त्यांच्याशी बोलत राहते आणि तुला आवाज देते. मी 'थांब' म्हटलं की हात काढायचा. कळलं ना, लेखकराव?"

"कळलं."

ती चौथ्या मजल्याचं दार उघडून लिफ्टच्या टपावर उतरली. लेखक गच्चीवर गेला. मशीनरूमच्या फरशीला दोर खाली जायला भोकं असतात. त्यातून तिचा आवाज स्वच्छ येत होता. "आजी, मी तुमच्या डोक्यावरच आहे हं. घाबरू नका. नातवंडं किती?" मग वर, मोठ्याने, "चल, घे!"

त्याने दाबलं. डबा वीतभर सरकला. "थांब!" त्याने सोडलं. "शाब्बास. घे परत."

तिसऱ्या वेळी डबा वीतभरच सरकला नाही. जास्त जोरात सरकला, दोर एकदम सर्रकन पळायला लागला. "थांब!" हे त्याने ऐकलं. हात काढायचा होता. हात निघाला नाही. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. बोटं दांड्याला अशी आवळली होती की जणू दांडा सोडला तर तोच खाली पडेल. "थांब! थांब! अरे सोड! थांब!" दोर पळत होता, चाक फिरत होतं. डोक्यात अगदी स्पष्ट होतं, सोड. आणि हात आणखी घट्ट दाबत होता.

मग खाली कुठेतरी धाडकन मोठा आवाज झाला. दुसऱ्या टोकाचं वजन तळाला जाऊन आदळलं होतं. सगळी इमारत हादरल्यासारखी वाटली. त्या धक्क्याने त्याचा हात सुटला.

टपावरच्या जागेत उस्तादने अंग चोरून घेतलं म्हणून ती वाचली. पण शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या, माथ्यावर जाळी नसलेला एक बल्ब लावलेला होता. डबा उसळला तेव्हा तो तिच्या तोंडावर फुटला. डोळ्यांत काचा गेल्या. लेखक जिने उतरून चौथ्या मजल्यावर पोचला तेव्हा त्याला आवाज ऐकू आला, "आजी, पाय नीट टाका. उंबरा आहे. माझा खांदा धरा." तिने चाचपडत टपावरचं झाकण उघडलं होतं, आत उतरली होती, हाताने शोधून आतलं दार सरकवलं होतं आणि म्हातारीला बाहेर काढत होती. तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून रक्त येत होतं.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी."

"आजींना खुर्ची दे," ती म्हणाली आणि भिंतीला टेकून खाली बसली.

संध्याकाळी साहेबांनी जबाब मागितला. साहेब म्हणजे शाखेचे व्यवस्थापक, सरळ माणूस, पण कागद वेळेवर लागणारा. लेखक टेबलाशी बसला. त्याने लिहिलं: "तिसऱ्या वेळी ब्रेक सैल केल्यावर मला खालून 'थांब' असा आवाज आला नाही. डब्याचा वेग वाढल्याचं लक्षात येताच मी प्रसंगावधान राखून ब्रेकचा दांडा सोडला." प्रसंगावधान हा शब्द त्याच्या हाताशीच होता. तो अढळबद्दल पुष्कळदा वापरलेला.

घरी वडिलांनी विचारलं, काय झालं? त्याने सांगितलं, लिफ्ट सुटली होती, एक म्हातारी आत होती, मी ब्रेक धरून होतो, वाचली. यातलं प्रत्येक वाक्य एकेकटं घेतलं तर खोटं नव्हतं. वडिलांनी उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात बराच वेळ तिथेच होता. लेखकाला वाटलं, आता सांगावं. पण त्या हाताखालून निघावंसं त्याला वाटलं नाही.

आणि मग त्याने जे केलं ते त्याचं त्यालाही नंतर समजावून सांगता आलं नाही. चार दिवसांनी, उस्ताद हॉस्पिटलात असताना, त्याने अढळचा पुढचा भाग लिहिला. एक पाताळविहीर आहे. तिच्यात साखळीला टांगलेला लोखंडी पिंजरा आहे. पिंजऱ्यात एक वृद्ध राजमाता. तिला सोडवायला चिमणी नावाची एक दोरचढी पोरगी विहिरीत उतरते, पण घाबरते, डोळे गच्च मिटून घेते, तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. साखळी तुटते. आणि वर उभा असलेला अढळ पळती साखळी डाव्या हाताने, एकाच हाताने, धरतो आणि पिंजरा, राजमाता आणि रडणारी चिमणी, तिघांना वर ओढून घेतो. लिहिताना त्याचा हात कुठेही अडला नाही. दोन वर्षांत सर्वांत जास्त पसंती त्या भागाला मिळाली. वडिलांनी फक्त 'चिमणी'च्या दोन वेलांट्या सुधारल्या.

तो उस्तादला भेटायला गेला तेव्हा अपघाताला नऊ दिवस झाले होते. तोवर रोज काहीतरी निघत होतं. आज उशीर झाला, आज पाऊस आहे, उद्या जाऊ. दुपारी चारला तो वॉर्डात शिरला. खिडकीशेजारच्या कॉटवर ती उशीला टेकून बसली होती. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. शेजारी तिची धाकटी बहीण बसली होती, शिवणकाम करणारी. तिने लेखकाकडे पाहिलं आणि काही न बोलता पिशवी उचलली. "मी खालून औषधं घेऊन येते," ती बहिणीला म्हणाली आणि त्याच्या अंगावरून निघून गेली.

"कोण आलंय?"

"मी आहे, उस्ताद."

"अरे, लेखकराव! ये, बस. स्टूल असेल तिथे. मोसंबी आणली असशील तर तिकडे ठेव, इथे आता दुकान टाकता येईल."

त्याने मोसंबी आणली होती. ती त्याने हळूच खाली ठेवली.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"उजवा वाचेल. डाव्याचं सांगत नाहीत. चांगल्या डोळ्यालाही बांधून ठेवलंय, हलू नये म्हणून. दिवसभर अंधारात बसून कंटाळा येतो रे. तू काहीतरी लिहितोस ना? शेवटचा भाग वाचून दाखव."

"ते काही एवढं खास नाही. वर्तमानपत्र वाचू का?"

"वर्तमानपत्र काय, ही सिस्टरही वाचते. लेखक भेटीला आल्यावर लेखकाचंच ऐकावं. वाच."

त्याने फोन काढला. अक्षरं डोळ्यांसमोर होती आणि ती वाचणं शक्य नव्हतं. तिला दिसत तर नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि तो विचार आपल्याला आला हे त्याला जाणवलं, तरी तो थांबला नाही. फोनकडे बघत तो दुसरंच बोलू लागला. विहीर तीच, पिंजरा तोच. पण आता चिमणी घाबरली नाही. चिमणी विजेसारखी विहिरीत झेपावली. साखळी तुटली तेव्हा तिने ती दातांत पकडली. तिच्या डोळ्यांतून ज्वाळा निघाल्या आणि अंधार जळून गेला. अढळ वरून बघत होता आणि त्याने आयुष्यात प्रथमच कुणापुढे मान लववली. लेखक रंगात येत गेला. त्याचा आवाज भरून आला. शेजारच्या कॉटवरची बाई कूस वळवून ऐकायला लागली.

तो थांबला. उस्तादने पाठीमागची उशी नीट केली. मग म्हणाली, "छान आहे. काल धाकटीने वाचलं तेव्हा मात्र वेगळं होतं."

त्याने फोन मांडीवर पालथा ठेवला.

"तू ग्रुपवर पाठवलेलं ना, माझ्या फोनमध्ये सापडलं तिला. आम्ही पहिल्यापासून वाचतोय. रोज पंधरा-सोळा भाग. वेळ चांगला जातो. काल विहिरीवर आलो. धाकटी मध्येच थांबली. मी म्हटलं, का गं थांबलीस? तर म्हणाली, पुढे काही नाही. मी म्हटलं, वाच. मग वाचलं तिने."

"उस्ताद, मी ते आजच काढून टाकतो."

"कशाला?"

"मी... म्हणजे ती चिमणी..."

"चिमणी मला कळली. आणि आत्ता तू जी सांगितलीस तीही कळली. काल भेकड होते, आज डोळ्यांतून जाळ. जाळ तरी कशातून काढलास, डोळ्यांतून!" ती हसली, पण पट्टीखाली दुखलं असावं, लगेच थांबली. "अरे, मी टपावर भीतीने मुतले होते. लहान पोरासारखी. ते तुझ्या दोन्ही गोष्टींत नाही. कपडे ओले होते, दिसत नव्हतं, आणि आजी खाली श्वासासाठी तडफडत होत्या. मग काय करणार, काढलं त्यांना बाहेर. दात नाही लावले कशाला."

शेजारच्या कॉटवरच्या बाईने तोंड फिरवलं. लेखकाला वाटलं, जमीन दुभंगावी.

"मी 'थांब' किती वेळा म्हटलं?" उस्तादने विचारलं. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

तो फोन खिशात घालू लागला.

"सांग ना. मी मोजलेलं नाही, मी घाईत होते. तू मोजलं असशील."

"सात वेळा," तो म्हणाला. हे त्याने आतापर्यंत स्वतःशीही म्हटलं नव्हतं.

"ऐकू आलं होतं तर."

"हो."

"मग सोडला का नाहीस?"

"हात सुटला नाही, उस्ताद. मी सोड म्हणत होतो हाताला. नाही सुटला."

तिने पांघरुणाची कड सारखी केली. "होतं असं," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत एकाला झालेलं आहे. हात धरतो, म्हणजे आवळतो तो सुटतच नाही. त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो जाईल. हे बघ, टपावर कुणी असताना ब्रेक सैल करायचा नसतो, हा नियम मला पाठ आहे. तो मी मोडला. ते मी माझ्या जबाबात सांगितलंय, धाकटीने लिहून घेतलं, मी आंधळी सही केली. साहेब काल आले होते. म्हणाले, तुम्ही आवाज दिला नाहीत असं त्याचं म्हणणं आहे, धक्क्यात माणसाला नीट आठवत नाही. सव्वीस वर्षं काम करतेय मी. आता मलाच वाटायला लागलंय, की दिला होता ना मी आवाज?"

"दिला होता."

"गोष्ट काढू नकोस आणि बदलूही नकोस. गोष्टीत मला काही रस नाही. तो कागद बदल." मग ती आडवी झाली. "मोसंबी सोलून ठेव जाताना. धाकटीला सांगितलं तर ती आज सोलायची नाही."

त्याने तीन मोसंब्या सोलल्या. बोटांना वास राहिला. जिन्यात त्याला धाकटी बहीण भेटली. ती थांबली नाही, तोही थांबला नाही.

एखाद्याला वाटेल, तिथून तो थेट साहेबांकडे गेला असेल. नाही गेला. दुसऱ्या दिवशी केबिनच्या दारापर्यंत गेला आणि साहेब फोनवर आहेत म्हणून परतला. तिसऱ्या दिवशी साहेब फोनवर नव्हते, तरी परतला.

रविवारी सकाळी वडील म्हणाले, चल, केस वाढलेत. दोघं कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. सलूनवाल्याने लेखकाच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं आणि आरशातून त्याच्याकडे बघत म्हणाला, "हेच का ते? बाबांनी सगळं सांगितलंय. एका हाताने लिफ्ट धरली म्हणे!" बाकावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले दोघे वळून बघायला लागले. वडील बाकाच्या टोकाला बसले होते. ते कौतुक लपवायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. "एका हाताने असं मी म्हटलेलं नाही," ते म्हणाले, "पण डावखुरा आहे तो." कात्री कानाशी चालत होती, हलता येत नव्हतं. ती वीस मिनिटं लेखक आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्याखेरीज दुसरीकडे कुठे बघू शकला नाही. त्याच्या हनुवटीवरचा तो व्रण त्याला इतका नकोसा कधी झाला नव्हता.

घराकडे चालताना तो म्हणाला, "बाबा, मी लिफ्ट धरली नव्हती. माझ्यामुळेच ती सुटली." आणि चालता चालता त्याने सगळं सांगितलं. दांडा, सात वेळा, काचा, जबाब. गोष्टीतली चिमणी कोण तेही.

वडील थांबले. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर बसले. त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, परत काढला. ते रागावतील असं त्याला वाटत होतं. ते म्हणाले, "मग आता सलूनवाल्याला काय सांगू?"

त्या प्रश्नाने लेखकाला जेवढं लागलं तेवढं कुठल्या शिवीने लागलं नसतं. वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली होती. लोकांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे पहिल्यांदाच काही आलं होतं.

"मी सांगेन त्याला," तो म्हणाला.

"नको. माझा मी सांगेन." थोड्या वेळाने ते उठले. "त्या बाईंना भेटायला मी आलो तर चालेल का?"

त्याच दुपारी तो जबाब लिहायला बसला. एका बैठकीत दोन हजार शब्द लिहिणारा माणूस सहा ओळींपाशी दीड तास अडला. पहिला खर्डा दीड पानाचा झाला. त्यात होतं, 'माझ्या मनात अपराधाचा डोंब उसळला आहे', 'जी शिक्षा द्याल ती मी हसतमुखाने भोगीन'. वाचून बघताना त्याचं त्यालाच कळलं. हा अढळच होता. लढाईत नाही जमलं, तर आता पश्चात्तापात सर्वांच्या पुढे उभा राहिला होता. त्याने कागद चुरगाळला. मग लिहिलं, मला 'थांब' ऐकू आलं. सात वेळा. मी दांडा सोडला नाही. का सोडला नाही हे मला सांगता येत नाही. आजींना उस्तादने बाहेर काढलं. आधीच्या जबाबात मी खोटं लिहिलं होतं. वडिलांनी कागद मागितला. लाल पेन हातात घेऊन दोनदा वाचला आणि तसाच परत दिला.

सोमवारी साहेबांनी तो वाचला. दार लावून घेतलं. "फाईल गेली वरती," ते म्हणाले. "आता हे कशाला? तुझंच नुकसान आहे. उस्ताद तशीही काही दिवस येणार नाही."

"साहेब, ती येणार आहे," लेखक म्हणाला. मोठं काही बोलावं असं मनात होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "कृपा करून हे फाईलला लावा."

साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, नोकरी गेली. नोकरी गेली नाही. चौकशी झाली, आजींना विचारलं गेलं, त्यांनी सांगितलं, पोरगी ओरडून ओरडून घसा बसवत होती. आधी त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. लेखकाला मेकॅनिकच्या कामावरून काढून सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये टाकलं. वर्कशॉपात गोष्ट पसरायला अर्धा दिवस लागला. कुणी त्याला तोंडावर काही बोललं नाही. फक्त लेखक म्हणणं बंद झालं. हजेरीच्या वहीतलं नाव घेऊन लोक त्याला हाक मारू लागले, आणि दर वेळी त्याला ते दुसऱ्याच कुणाचं वाटे.

मालिकेचं काय करावं हे त्याला सुचेना. उस्तादने काढू नकोस म्हटलं होतं, म्हणून ती तशीच राहिली. एका सकाळी त्याने प्रयत्न केला. अढळला जखम होते, असा भाग लिहायचा. तिसऱ्या परिच्छेदात ती जखम आपोआप भरून आली. हाताला तीच सवय होती. त्याने फोन बाजूला ठेवला. वाचक विचारत राहिले, पुढचा भाग कधी? महिनाभराने तेही विचारेनासे झाले.

उस्ताद साडेतीन महिन्यांनी कामावर आली. डावा डोळा गेला होता. शाफ्टमध्ये उतरायची परवानगी डॉक्टरांनी दिली नाही, म्हणून नव्या भरती झालेल्यांना शिकवायचं काम तिच्याकडे आलं. पहिल्या दिवशी ती स्टोअरच्या खिडकीशी आली. काळा चष्मा लावला होता. "ब्रेकचा जुना दांडा आहे का एखादा? शिकवायला हवाय."

त्याने शोधून दिला. "बाबांना भेटून बरं वाटलं," ती म्हणाली. "येतात अधूनमधून. शुद्धलेखनावर फार बोलतात." दांडा काखेत घेऊन ती वळली आणि थांबली. "बुधवारी अकरा जणांची तुकडी आहे. हात धरतो म्हणजे काय, हे मी सांगितलं तर ते हसतात. त्यांना वाटतं आपला नाही धरणार. तू येऊन सांग."

"मी?"

"मग कोण?"

बुधवारी तो गेला. फळ्यापुढे उभा राहिला. अकरा बायका-पुरुष, वह्या उघडून बसलेले. त्याने सांगितलं, जसं झालं तसं. सांगताना मान वर होत नव्हती. मध्ये दोनदा त्याला वाटलं, इथे थोडं सावरून घ्यावं, दांडा जुना होता, फरशी ओली होती. त्याने सावरलं नाही. उस्ताद मागच्या बाकावर बसून ऐकत होती. तिच्या चष्म्यामुळे चेहऱ्यावरचं काही वाचता येत नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या एका बाईने हात वर केला. "पण तुम्हाला ऐकू येत होतं, तर मग सोडला का नाहीत?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. ती बाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तो तसाच उभा राहिला, उस्तादने "चला, आता प्रत्येकाने दांडा हातात घ्या" असं म्हणेपर्यंत.

वर्ग सुटल्यावर ती त्याच्याजवळ आली. त्याला वाटलं, काही बोलेल. "पुढची तुकडी एकवीस तारखेला," ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोल. मागे ऐकू येत नाही."